माझ्या ताटातली बातमी

मनवेलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी आंबवलेल्या पदार्थांचा वर्ग सुरू झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई शिकवायच्या: नाचणीची आंबील, गाजर-बिटाची कांजी, घरचं दही. हे रोज पोटात गेलं की चांगले जंतू वाढतात आणि अंगावर चरबी चढत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी लग्नाआधीपासून लठ्ठ. नवऱ्याने मला न विचारताच माझं नाव घातलं.

खोटं कशाला बोलू, मला गुण आला. नाचणीचं पीठ आदल्या दिवशी भिजवायचं, आंबलं की सकाळी शिजवून ताक घालून प्यायचं. छातीतली जळजळ थांबली. ऑफिसातून आल्यावर फरसाणाच्या डब्याकडे हात जाईना. वजन मात्र जवळपास तिथेच राहिलं.

आणि वजन सगळ्यांसमोर व्हायचं. सोसायटीच्या ऑफिसात काटा मधोमध ठेवलेला, भोवती खुर्च्यांवर बायका. एके दिवशी बाईंनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे विचारलं, "चोरून काय खाता?"

काही नाही, म्हटलं.

"कळंबला भजी खाल्लीत ना? तुमच्या मिस्टरांनीच सांगितलं."

माझी कानशिलं तापली. कळंबच्या किनाऱ्यावर भजीची प्लेट त्यानेच आणली होती, निम्म्याहून जास्त त्यानेच संपवली होती. पण बाईंनी माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलेलं, म्हणून त्याने घरी येऊन इमानाने फोन केला होता. त्याचंही पोट शर्टाबाहेर येतं. त्याला कुणी काट्यावर चढवलं नाही.

"मग त्यांनाही बोलवा," मी म्हणाले आणि चपला घालून निघाले.

घरी तो टीव्ही बघत बसला होता. तुझ्या भल्यासाठीच सांगितलं, म्हणाला. वर, त्यात एवढं चिडण्यासारखं काय, हेही. मी टीव्ही बंद केला.

"माझ्या ताटातली बातमी परत घराबाहेर गेली, तर तुझं जेवण तू करायचं."

तो हसला. त्या रात्री मी माझ्यापुरतंच वाढून घेतलं, तेव्हा हसणं थांबलं.

पुढे मी स्वतःहून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी झोप विचारली, चालणं विचारलं, थायरॉईडची तपासणी करायला लावली. थायरॉईड निघालं. आंबील सोडू नका, पोटाला चांगली आहे, भूकही आवरते. पण सगळा भार तिच्यावर टाकू नका, म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला रागावण्याआधी विचारणारं हे पहिलंच माणूस.

गोळी चालू आहे, आंबीलही. वजन हळूहळू उतरतंय. नवऱ्याने माफी मागितली, पण मी अजून पुरती निवळले नाही. परवा लिफ्टमध्ये शेजारची नवी सून भेटली, वर्गाला निघालेली. तिला मी सांगितलं, कांजी शिकून घे, छान लागते. काट्यावर मात्र कुणासमोर उभी राहू नकोस.