दोन माणसांची भाषा

दादाला न्यायला सोमवारी गाडी येणार होती. चिपळूणच्या रस्त्यावर एक शुश्रूषा केंद्र आहे, तिथे त्याची खाट ठरली होती. सात महिने मी त्याला उठवत होते, पुसत होते, भरवत होते. मिरजोळ्याच्या कारखान्यातली टायपिंगची नोकरी संपली की रोज संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन नुसतं बसायचं, एवढीच माझी हौस होती. निवृत्त होऊन दोन महिने झाले नाहीत तोच दादाला अर्धांगवायू झाला. आता मांडवी मला औषधं आणताना रिक्षातून दिसते तेवढीच.

त्याची वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, चित्रं दाखवा, कप, चमचा असं वदवून घ्या. दादा मान फिरवायचा. शेजारची मासेवाली मावशी म्हणायची, "अगो, त्याला काय कलतंय आता? तू मात्र मरशील." मलाही हळूहळू ते पटायला लागलं. खरं सांगायचं तर सोयीचं वाटायला लागलं. ज्याला कळतच नाही, त्याला कुठेही ठेवलं तरी सारखंच.

त्याचे कपडे भरायला खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली, तर तळाशी आमच्या भाषेच्या वह्या निघाल्या.

मी अकरा वर्षांची होते, तो पंधराचा. रद्दीच्या दुकानात त्याला रशियन शिकवणारं, पुठ्ठा उडालेलं पुस्तक मिळालं. मला वाटलं, हा आता रशियन शिकणार. पण त्याने रशियनची एक नसलेली बहीण घडवायला घेतली. "रशियन चुकली तर रशियन माणूस हसेल. आपली चुकली तर कोण हसणार?" कुणी हसण्याची त्याला धास्ती होती. वर्गात तो 'पानी' म्हणाला की मास्तर उभं करून दहादा 'पाणी' म्हणायला लावायचे आणि पोरं आमच्या वाडीचं नाव घेऊन खिदळायची. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसायची सवय त्याला तिथेच लागली.

आमच्या भाषेत मात्र तो भडाभडा बोलायचा. डोंगराला रशियनमध्ये 'गोरा' म्हणतात. आम्ही तो ग घासून ह केला, डोंगर झाला 'होरा'. हाताला ते 'रुका' म्हणतात. पण फार पूर्वी तो स्वर नाकातून निघायचा, असं पुस्तकाच्या शेवटच्या पानांत छापलं होतं. दादा म्हणाला, "त्यांनी नाक सोडलान्, आपण कशाला सोडायचं?" आमची अख्खी वाडी नाकात बोलणारी. म्हणून आमचा हात 'रोंका'. चिमुकला हात 'रोंचका', कारण अशा जोडणीत क मऊ होऊन त्याचा च होतो. भाजलेली भाकरी 'पेचेना'. ज्या शब्दाचं कूळ सांगता येणार नाही तो वहीत चढायचा नाही, हा त्याचा कडक नियम. मी आवडीने केलेले कितीतरी शब्द त्याने त्यापायी हाकलून दिले.

बाबांना याचा राग यायचा. "आज्यानं धम्म घेतलान्, जुनं सगळं खाडीत सोडलान्, नि तू कुळं मांडत बसतोस?"

"शब्दांच्या कुळात वरचं-खालचं नसतं, बाबा," दादा म्हणायचा. "नुसती झीज असते."

तर त्या दिवशी, वह्या बाजूला ठेवून मी त्याला सदरा घालत होते. हात काही बाहीत जाईना. वैतागून मी म्हटलं, "रोंका दे रे, रोंका!"

"रोंका," तो म्हणाला. नाकातून, जसा हवा तसाच.

सात महिन्यांतला तो त्याचा पहिला शब्द. पुढचे तीन दिवस मी वहीतले शब्द वाचायची आणि तो मागून म्हणायचा. होरा. रोंचका. पण म्हटलेलं पोपटही म्हणतो. मी गाडी रद्द केली नाही. मला ती हवी होती.

रविवारी दुपारी त्याला पेज भरवताना माझा डोळा लागला. चमचा कलंडून पेज त्याच्या छातीवर सांडली, आणि मीच त्याच्यावर ओरडले, "गिळ की रे एकदाचं!" त्याने चांगला हात उचलून माझं मनगट धरलं आणि सावकाश म्हणाला, "मोंचेना."

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. वाटलं, गेली जीभ घसरून. तरी सगळ्या वह्या चाळल्या. मोंचेना कुठेच नव्हता. 'मोंका' होता, त्याच्या बारीक अक्षरात: कष्ट, यातना, रशियन 'मूका'पासून, नाकातला स्वर राखून. मग क चा च. मग पेचेनासारखं शेपूट. मोंचेना. कष्टांनी भाजून निघालेली, दमलेली. घसरलेली जीभ इतके नियम पाळत नाही. त्याने शब्द तिथल्या तिथे घडवला होता, कुळासकट, आणि तो माझ्यासाठी होता.

म्हणजे सात महिने त्याला सगळं कळत होतं. मावशीचं बोलणं, माझे उसासे, त्याच्या उशाशी उभं राहून मी फोनवर ठरवलेला सोमवार. त्यावर तो रागावला नव्हता. मी दमलेय, एवढंच त्याने मला सांगितलं.

मी फोन करून गाडी नको म्हणाले. आनंद झाला असं लिहायला हवं, पण झाला नाही. पदर तोंडाशी धरून खूप रडले, आणि आधी रडले ती स्वतःसाठीच. पाठ दुखतच होती, पेज गार झाली होती, आणि त्याला काही कळत नाही असं म्हणायची सोय आता उरली नव्हती.