चिप चालू करायला गेले आणि 'क्लिअर' दाबून बसले

मोबाईलवरून लिहितेय, चुका पोटात घाला.

सिरसाळ्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आज कॉम्प्युटर अपग्रेड करायला घेतला. त्याआधी आतली सिक्युरिटी चिप चालू करा, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. सेटिंगमध्ये गेले, तर ती चालूच होती. खाली 'क्लिअर' दिसलं. आमच्याकडं फॉर्म क्लिअर झाला म्हणजे मंजूर झाला. मी बिनधास्त दाबलं. चिपमधलं सगळं पुसलं गेलं, कॉम्प्युटरचं कुलूप उघडणारी चावीसुद्धा.

आता निळा पडदा त्याऐवजी अठ्ठेचाळीस आकडी राखीव चावी मागतोय. ती कॉम्प्युटर विकणाऱ्याच्या ईमेलवर, कारण त्यानंच स्वतःचा ईमेल टाकून तो चालू करून दिला होता. त्याला फोन लावला, तर म्हणतो, "ताई, त्यो ईमेल कवाच बंद पडला."

ऊसतोडीला गेलेल्या अकरा घरांतल्या पोरांची कागदं या कॉम्प्युटरात आहेत. मूळ कागद त्यांच्या कुलूपबंद घरांत. वसतिगृहाच्या फॉर्मचा उद्या शेवटचा दिवस.

आत्ताच फडातून सरूबाईचा फोन आला. "ताई, पोरीचा फॉर्म क्लिअर झाला का वो?"

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला.

कुणाला काही मार्ग माहीत असेल तर सांगा. नसेल, तर सरूबाईला काय सांगू, तेवढं तरी सांगा.