पत्रे उतरवणारा मिस्त्री

पन्नास सालच्या आसपास कल्याणला आमच्या चाळीच्या पश्चिम भिंतीवर पावसाळ्यापुरते पत्रे ठोकलेले असत. दिवाळीआधी ते उतरवायला येणारा मिस्त्री एका जागी ठरत नसे. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचा आणि बोलताना त्याची नजर भिंतीवरच असायची.

एकदा तो परांचीवर असताना वाऱ्याने पत्रा सुटला. खाली आई, कोणी जवळ येऊ नये म्हणून त्याने बांधलेली दोरी ओलांडून, नळावर कळशी भरत होती. त्याने पत्र्याची धार दोन्ही हातांनी धरली. ओरडला नाही. "वहिनी, वर बघू नका. कळशी राहू द्या, घरात जा."

ती आत गेल्यावरच त्याने पत्रा सोडला. तळहात चिरले होते. आई हळद घेऊन धावली.

"दोरीच्या आत येऊ नका," तो म्हणाला. "मला हात दोनच आहेत."