केळझरचा गणपती अन् गणपती न काढणारा पेंटर

नातीच्या लग्नाची पहिली पत्रिका केळझरच्या गणपतीपुढं ठेवायची, असं मी ठरवलं. सोबत नातू विशाल. तो वकिली शिकतो, अन् माझं बोलणं इथं तोच लिहून राह्यला. मले वाचता येत नाई, त्यानं काही गाळलं तं समजणार नाई, म्हणून तो खूश आहे.

वडनेरहून यष्टीनं हिंगणघाट, तिथून वर्धा, मग नागपूर रोडची गाडी. माझ्या वयाले तिकीट माफ. त्याले पुरं पडलं, तं तोंड एवढंसं झालं. वर्ध्याले तर्री-पोहे खाऊन घेजा, पुढं टेकडी चढाची आहे.

वर गेली अन् माझी बोलतीच बंद झाली. समोर देव, खाली दूरवर रान. विशाल म्हणे, "आजी गप? फोटो काढू द्या!"

देवापुढं पत्रिका ठेवली, अन् उतरून लग्नाची भिंत सांगाले खाली गावातल्या पेंटरच्या घरी गेलो. लग्नाच्या भिंती रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाई. त्याच्या दारावरचा मोर आता उडते का मग, असा. आत बुद्धाची तसबीर. भाव ठरला, मग तो म्हणे, "आजी, वेल, मोर, नावं सारं काढतो. गणपती नाई. या देवांले मानणार नाई, अशी दीक्षेची शपथ आहे आमची."

लग्न जवळ आलेलं. दारावर गणपती नसला तं पाहुणे काय म्हणतीन? विशाल तापला. "धंदा मांडला तं धर्मापायी गिऱ्हाइकाले नाई म्हणता येत नाई. हा भेदभाव आहे. तक्रार करीन."

"धर्म पाळाचा हक्कबी घटनेतच आहे ना, भाऊ?" पेंटर म्हणे.

"आहे. पण उद्या हॉटेलवाला म्हणन, माझ्या धर्मात तुम्हाले चहा देणं बसत नाई. मग?"

"तसे भेटले मले," पेंटर म्हणाला. "खोली पाहाले गेलतो, तं मालक म्हणे, आमच्या घरात देव आहेत, तुम्हाले खोली जमणार नाई. म्हणून मी माणसाले नाई म्हणत नाई. जे तुमच्या भिंतीवर काढत नाई, ते कोणाच्याच काढत नाई."

विशालले पुरतं पटलं नाई. "आजी, दोन्ही हक्क खरे आहेत."

"एका चुलीवर दोन सुना. भांडतीनच," मी म्हटलं. "म्हणून काय एकीले घराबाहेर काढतं?" अन् पेंटरले सांगितलं, "येजो बाबा. दारावरची जागा मोकळी सोडजो."

तो आला. दोन दिवसांत भिंत अशी फुलली की रस्त्यानं जाणारे थांबत. मधात कोरी जागा. मी कुंकू कालवलं अन् स्टुलावर चढली. सोंड वाकडी झाली, विशाल हसला. स्टूल हलत होतं. ते पेंटरनं दोन्ही हातांनी धरलं, नजर जमिनीकडं ठेवून, माझी रेघ पुरी होईपर्यंत.

केळझरची टेकडी सुंदरच आहे, जाजा. पण मले अजून तेच हात दिसून राह्यले.