कुलरसाठी कापलेली खिडकी

चर्चची ती खिडकी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. रंगीत काचांत घडवलेला मेंढपाळ, आणि त्याच्या पायाजवळचा हातभर भाग कापून तिथे कुलर बसवलेला. पाण्याच्या शिंतोड्यांनी वरच्या काचांवर खाराचा जाड थर चढला होता.

"काहून कापली?" मी तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारलं.

"उन्हाळ्यात लोक बसत नव्हते मॅडम. तुम्ही मे महिन्यात बसून पाहा."

"मग भिंत नव्हती का भोक पाडायला?"

त्यानं माळ्याकडे बोट दाखवलं. एक बरं केलं होतं त्यानं. कापलेल्या काचा पोत्यात बांधून माळ्यावर ठेवल्या होत्या.

जुन्या काचा दुरुस्त करणं हा माझा धंदा. आठवडाभर तुकडे जुळवत बसले आणि त्या कुलरवाल्याला पोटभर शिव्या घातल्या. काचा धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या गाढवानं पत्र्याच्या कात्रीनं कापल्या होत्या. शेवटी फळीवर मेंढपाळाच्या पायाजवळचं कोकरू उभं राहिलं, पण एका कानाची जागा रिकामीच. नवा कान रंगवून भट्टीत भाजता आला असता. मला जुनाच हवा होता.

मग कुलरचा स्टँड उतरवला. चारही पायांखाली सायकलच्या ट्यूबच्या गोल चकत्या, दुहेरी, मधोमध तांब्याच्या तारेचा टाका. आमच्या महाल भागात कुलर बसवताना असं एकच माणूस करायचा. माझे बाबा.

घरी कपाटात एक पिवळसर काच आहे, तपकिरी बारीक रेघांची. लहानपणी बाबांनी आणून दिलेली. मी तिला पान समजायचे. तिच्यातून ऊन बघता बघता या धंद्यात आले, असं चारचौघांत कौतुकानं सांगतेसुद्धा.

सकाळी ती काच नेऊन रिकाम्या जागेत ठेवली. बरोबर बसली.

संध्याकाळी बाबा चहा फुंकत म्हणाले, "तुझं पान कुठं गेलं वं कपाटातलं?"

"पान नव्हतं ते. चर्चमधल्या कोकराचा कान होता. तुम्ही कापलेला."

"तुले खेळाले आणला होता," ते म्हणाले. "लय रडत होती तू तेव्हा."

मला त्यांचा भयंकर संताप आला. आठवडाभर ज्याला गाढव म्हटलं तो माणूस कप खाली ठेवून माझ्याकडे बघत होता.

"मंग जोडला का नाही तो कान?"

"जोडला," मी म्हणाले, आणि न जेवता आत निघून गेले.