गुंडप्पाची जागा

बिराप्पाचं टक्कल आमच्या दुबलगुंडीनं पहिल्यांदा पाहिलं ते २००९ सालच्या उन्हाळ्यात, माझ्याच ओसरीवर. तोवर त्याच्या डोक्यावरचा पटका उतरलेला कुणी पाहिला नव्हता. हा झोपतोही पटका बांधूनच, असं बायका म्हणायच्या. खरं-खोटं त्याच्या बायकोला विचारावं तर ती बिचारी लवकर गेली, आणि दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती. होती, पण नावं सांगून म्हातारपणी मला कुणाच्या दारातून शिव्या खायच्या नाहीत.

तर त्या दुपारी बिराप्पानं आपण होऊन पटका सोडला, घडी करून मांडीवर ठेवला, आणि पुतण्यानं आणलेले भलेमोठे हेडफोन कानांवर चढवले. त्यानंतर तो जो बसला तो बसलाच. त्याचं ते ऐकणं सांगायचं तर आधी त्याच्या ढोलाचं सांगायला पाहिजे.

बिराप्पा धनगर. चार शेळ्या, थोडं कोरडवाहू, तूर काढायच्या दिवसांत रोजानं काम. माणूस उंच, चिडका, आणि बोलायला लागला की शेजारच्या गल्लीला वाटावं भांडण लागलंय. पण बिरदेवाच्या देवळापुढे ढोल गळ्यात अडकवला की ह्या माणसाच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. ह्या देवळात ढोल एकटा वाजत नाही, जोडीनं वाजतो. एक ढोल हाक देतो आणि थांबतो. त्या थांबलेल्या जागेत दुसरा ओ देतो. हाक बिराप्पाची आणि ओ त्याच्या थोरल्या भावाची, गुंडप्पाची. गुंडप्पाची डाव्या हाताची दोन बोटं लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली सापडली होती. त्यामुळे त्याची थाप नेहमी केसभर मागून यायची, पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखी. आम्ही हसायचो. मी तर तोंडावर म्हणायचो, "गुंडप्पा, तू वरातीत बी बायकोच्या मागून घरात गेला असशील." तो लाजायचा. त्याची बायको म्हाळसाबाई लाजायची नाही. ती म्हणायची, "येतो ना पर? हणमंतप्पा, तुमचं लक्ष दुसऱ्याच्या दारातच कामून असतंय?"

१९९४ साली गुंडप्पा हैद्राबादेला बांधकामावर गेला. तेव्हा सगळाच गाव तिकडे लोटला होता. दोन वर्षं जत्रेला आला, ढोल वाजवून गेला. तिसऱ्या वर्षी आला नाही. बिराप्पा शोधायला गेला तर जिथं मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या तिथं काचेची इमारत उभी, आणि मुकादम म्हणाला, तो तर कधीचाच गेला. कुठं गेला ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता ह्या लोकांची रीत ऐका. जोडीदार मेला तर दहाव्यानंतर त्याची जागा भावकीतल्या दुसऱ्या हातानं भरायची. जिवंत असून गावात नसेल तर जागा मोकळी सोडायची, कितीही वर्षं. आणि त्या मोकळ्या जागेत परक्या कुणाची थाप पडली, चुकून का होईना, तर तो माणूस संपला असं धरायचं. म्हणून बिराप्पा एकटाच वाजवायचा. हाक द्यायचा आणि काठी हवेत धरून थांबायचा. गाव श्वास धरायचं. आईच्या कडेवरचं पोरसुद्धा त्या वेळी रडत नसे. मग पुन्हा हाक, पुन्हा ती मोकळी जागा. चांगली टळटळीत दुपार असली तरी ती जागा आली की माझ्या पाठीवरून थंड काहीतरी सरकायचं, आणि आम्ही तर लिंगायत, आमचा त्या देवाशी संबंध शेजारापुरता.

एकदा बसवकल्याणकडच्या एका पाहुण्यानं भाबडेपणी त्या जागेत झांज वाजवली. म्हाळसाबाई गर्दीतून उठली, सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. कपाळावरचं कुंकू एवढं थोरलं. "पावणं, तुमी त्याला मेल्यालं बगितलाव का?" पाहुणा घामाघूम. "न्हाई, अक्का." "मग जागा परत द्या." बिचाऱ्यानं देवापुढे नारळ ठेवून, नाक घासून, जागा परत दिली. तशीही सोय असते.

गुंडप्पाचा पोरगा नागराज बंगळूरला गेला. लग्नकार्यात, सभांत मोठमोठे स्पीकर लावणाऱ्याकडे कामाला लागला आणि तिथून गाणी वाजवणाऱ्या पोरांच्या नादी लागला. २००८च्या जत्रेनंतर त्यातली तिघं त्याच्याबरोबर गावात आली. केस कमरेपर्यंत, अंगात काळे सदरे, सदऱ्यांवर कवट्या. माझी बायको चन्नव्वा म्हणाली, "ह्यातली नवरी कंची?" पण पोरं गुणी. चप्पल बाहेर काढून देवळात गेली, बिराप्पाच्या पाया पडली, आणि त्याचा एकट्याचा ढोल यंत्रात भरून घेतला. नागराजनं त्यांना कन्नडमधून बजावलं होतं, मधल्या जागेला हात लावायचा नाही. त्यांनी मान डोलावली.

वर्षभरानं त्यांचा अल्बम निघाला. नागराज म्हणाला, ह्याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. आम्ही म्हटलं, असेल. तो गावात आला होता स्वतःच्या लग्नासाठी, जनवाड्याची प्रतीक्षा नावाची मुलगी ठरली होती, आणि इथंच खरी अडचण होती. मुलीच्या मामानं निरोप धाडला होता: पत्रिकेवर मुलाच्या बापाचं नाव कसं घालायचं ते नक्की सांगा. 'श्री. गुंडप्पा' का 'कै. गुंडप्पा'? 'श्री.' घालणार असाल तर माणूस मांडवात दिसला पाहिजे, नाहीतर आमची शोभा होते. 'कै.' घाला म्हणजे विषय संपला. विषय संपला म्हणजे म्हाळसाबाईचं कुंकूही संपलं, आणि मुलाच्या लग्नात तिनं मागच्या रांगेत बसायचं. भावकीतले बरेचजण त्याच मताचे झाले होते. बारा-तेरा वर्षं झाली, किती दिवस त्या बाईनं ओढायचं म्हणत होते. दुसऱ्या दिवशी हुमनाबादच्या छापखान्यात मजकूर द्यायचा होता.

त्या दुपारी नागराजनं सीडी माझ्या घरच्या प्लेअरवर लावली. पहिलं गाणं सुरू झालं आणि शेळ्या दावं तोडायला लागल्या. चन्नव्वा परसातून धावत आली, तिला वाटलं ट्रान्सफॉर्मर जळाला. गाणारा पोरगा असा ओरडत होता की जणू कुणीतरी त्याच्या पायावर जातं टाकलंय. मी म्हटलं, "नागराज, ह्याला दवाखान्यात न्यायचं सोडून तुमी रेकाड करायलाव व्हय रे?"

बिराप्पा हसला नाही. तो मान वाकडी करून ऐकत होता. "गप बसा, अप्पा. ह्यांची चाल लंगडी हाय. सात पावलं टाकायलेत, आठवं टाकीनात. पर पडीनात बी." मग नागराजला म्हणाला, "मला नीट आइकू दे. कानात."

तेव्हा तो पटका उतरला.

बिराप्पा पहिल्या गाण्यापासून परत ऐकायला बसला. डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, हेडफोनच्या कडेनं नुसती माशी घोंगावल्यासारखा आवाज. मध्येच म्हणाला, "ही गिटार म्हंजे भुसकट. बाजूला करायचं. दाना खाली हाय." चौथ्या गाण्यात त्याचा स्वतःचा ढोल होता. तिथं पोचला तेव्हा चेहऱ्यावर जरा हसू आलं, आणि लगेच विझलं. त्यानं हेडफोन काढले.

"नागराज, हितं कोन वाजिवलं?"

"तुमीच की, काका."

"माझ्या जाग्यात न्हाई रे. त्याच्या."

म्हाळसाबाई आमच्या दारात लग्नाचे तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला.

नागराजनं तिथल्या तिथं बंगळूरला फोन लावला. तिकडचा पोरगा शपथेवर सांगत होता: तुम्ही सांगितलं तसंच केलंय, त्या जागेत आम्ही काही घातलं नाही. सगळी वाद्यं तिथं बंद केलीत. तिथं काही नाही, हीच तर त्या गाण्यातली खास गोष्ट.

"मला आइकू द्या," मी म्हटलं. दुसऱ्याच्या घरातलं ऐकायची सवय आहेच माझी. कान लावले. आधी पिठाच्या गिरणीत डोकं घातल्यासारखं वाटलं. मग सगळं एकदम थांबलं आणि बिराप्पाची हाक आली, स्वच्छ. मग ती मोकळी जागा. त्या जागेत काहीतरी होतं. आवाज म्हणवत नाही. बंद दारापलीकडे माणूस उभा असला की कळतं ना, तसं. मी हेडफोन काढून दिले आणि म्हणालो, "माझीच नाडी आसंल." कुणाला पटलं नाही, मलाही नाही.

बिराप्पा घाबरला होता, आणि कशानं ते उघड होतं. त्या पोरांनी यंत्रानं काही घातलं असेल आणि खोटं बोलत असतील, तर परक्याची थाप जागेत पडली. म्हणजे 'कै.' आपोआप ठरलं, आणि तेही ह्याच्याच ढोलातून. म्हणून त्यानं परत सुरुवातीपासून लावलं. ह्या वेळी त्याची बोटं गुडघ्यावर वाजत नव्हती. तो फक्त बोलत होता, स्वतःशी, हळू. आयुष्यात त्याचा एवढा हळू आवाज मी ऐकला नव्हता.

"पयल्या गान्यात बी हाय. लांब हाय. वढ्याच्या पल्याड." जरा वेळानं, "आता वढा उतरला." तिसऱ्या गाण्याला म्हणाला, "पाय वढायलाय. दादाच हाय. केसभर मागून. हे त्या पोरास्नी जमनार न्हाई, मला सोताला जमत न्हाई." चौथ्या गाण्यात त्यानं नकळत उजवा खांदा आखडून घेतला, शेजारी कुणी येऊन उभं राहिलं की आपण सरकतो तसा.

पाचवं गाणं शेवटचं. त्यात बिराप्पाचा ढोल नव्हताच. तो ऐकत राहिला आणि त्याच्या टकलावर घाम दाटत गेला. गाणं संपल्यावरही हेडफोन काढेना. मग म्हणाला, "वैनी, हे तुमी आइका. मी सांगनार न्हाई."

म्हाळसाबाईनं पदराला हात पुसले. नागराजनं हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवले, पदराच्या वरूनच. ती शेवटचं गाणं ऐकत होती तेव्हा मी तिच्याकडे पाहत होतो, सगळेच पाहत होते. कपाळ स्थिर होतं. एकदाच तिचे ओठ हलले, कुणाला तरी 'हां' म्हटल्यासारखे.

"काय हाय, माय?" नागराजनं विचारलं.

"तुजा बाप हाक द्यायलाय," ती म्हणाली. "आन थांबायलाय. तुज्या काकाची जागा मोकळी सोडायलाय, तिकडं."

चन्नव्वानं माझा दंड धरला. बिराप्पा खाली जमिनीकडे पाहत बसला होता. मला जे सुचलं तेच त्यालाही सुचलं असणार. तिकडं म्हणजे कुठं? आणि तिथं आपली मोकळी जागा कुणी राखून ठेवली असेल, तर ती कधीतरी भरायला जावं लागतं का?

म्हाळसाबाईला मात्र भीती वाटलेली दिसली नाही. तिनं हेडफोन काढून नागराजच्या हातात दिले आणि सूप परत मांडीवर घेतलं. "मेल्यालं मानूस कुनासाटी थांबत न्हाई, भावजी. थांबायलाय म्हंजे हाय. जा रे, छापखान्यात सांग. श्री. घाला म्हनावं."

"आन जनवाड्याचे मामा इचारले तर?"

"तर म्हनावं, येतो. जरा मागून येतो."

पत्रिकेवर 'श्री. गुंडप्पा' छापलं गेलं. भावकी कुजबुजली, आणि त्या कुजबुजीला मीही माझ्या परीनं हातभार लावला, ते नाकारत नाही. म्हाळसाबाई हिरव्या साडीत पुढच्या रांगेत बसली. जनवाड्याचा मामा मांडवभर मान उंचावून श्री. गुंडप्पांना शोधत फिरत होता, आणि जेवणावळीत त्यानं मला तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा त्याच्या पानात बुंदी वाढायला सांगितली.

लग्न लागल्यावर जोडपं बिरदेवाला आलं. ऊन डोक्यावर होतं. बिराप्पानं ढोल गळ्यात घेतला. पटका जागेवर होता, पण त्या उन्हाळ्यात माणूस आतून पोकळ झाल्यासारखा दिसायचा. त्यानं हाक दिली आणि काठी हवेत धरली. ह्या वेळी तो नेहमीपेक्षा केसभर जास्त थांबला. गाव श्वास धरून उभं.

प्रतीक्षा जनवाड्याची, कालपर्यंत परक्या घरची मुलगी. आमची रीत तिला ठाऊक नव्हती, गुंडप्पाला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं, आणि गाण्याचं तर तिला नागराजनंही सांगितलं नव्हतं. ते मी नंतर खोदून खोदून विचारून घेतलं. ती नवऱ्याशेजारी मान खाली घालून उभी होती. त्या शांततेत तिनं मान वर केली आणि बिराप्पाच्या उजव्या खांद्यापलीकडे पाहिलं, जिथं नुसतं ऊन होतं. मग घाईघाईनं कपाळावर पदर ओढला, सासऱ्यापुढे ओढतात तसा, आणि वाट द्यायला एक पाऊल मागं सरकली.