त्याचा हिरा, माझा हिरा

परदेशातून माझा वर्गमित्र पहिल्यांदा आमच्या गावी, कुरुळीला आला, तेव्हा गावाने शाळेत त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा, सगळं साग्रसंगीत. आणि तो तिकडे नेमकं काय करतो हे गावाला सांगायचं काम कुणाकडे? माझ्याकडे. कारण ते कळणारा गावात दुसरा कोणी नव्हता. नुसता जळफळाट झाला माझा.

पुण्यात एमएस्सीला आम्ही एकाच बाकावर होतो. गणितं आधी माझी सुटायची, माझी बघून मग त्याची. पुढे माझे वडील अंथरुणाला खिळले, मी चिंचवडच्या कंपनीत लागलो आणि शिष्यवृत्तीवर परदेशी तो गेला. तिकडे वेगवान इलेक्ट्रॉन हिऱ्याच्या पातळ चकतीवर सोडत. त्यातून निघणाऱ्या फोटॉनांचं, म्हणजे प्रकाशकणांचं, कंपन बरंचसं एकाच दिशेत असे. असे फोटॉन प्रोटॉनवर आदळले की मेसॉन नावाचे कण जन्मतात. ते कुठल्या बाजूला जास्त उडतात, हे तो मोजायचा. हिरा आमच्याही कंपनीत होता. ग्राइंडिंगचं चाक बोथट झालं की ते हिऱ्याच्या टोकाने खरवडायचं. ते करताना मला त्याचा हिरा आठवायचा आणि तोंड कडू व्हायचं.

सत्काराला मी विहिरीचा दोर घेऊन गेलो. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं हातात धरून हलवलं.

"कंपन असं खाली-वर असलं, तर मेसॉन जास्त करून डाव्या-उजव्या अंगाला उडणार. आता दोर आडवा हलवतो. आता ते वर-खाली उडणार."

लोक माना डोलवू लागले. एका म्हाताऱ्याने "व्हय, व्हय" म्हणत दोर स्वतःच्या हातात घेऊन हलवून पाहिला. टाळ्या पडल्या, शालीला पडल्या त्यापेक्षा जोरात. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर त्याची आई माझ्यापाशी आली.

"त्यो इतकी वर्सं सांगतोय, मला काय बी उमगलं न्हाई. आज समदं कळलं. तुला येवढं येतंय, मग तिकडं तू का न्हाई गेलास रं?"

तो शेजारीच उभा होता. शालीची घडी घालत राहिला.

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघत होतो. उत्तरही चांगलं घोटून ठेवलं होतं, कुणाची गणितं बघून कुणाची सुटायची इथपासून. पण विचारणारी निघाली त्याचीच आई.

"उद्या पहिली शिफ्ट हाय, काकी," एवढंच म्हणालो आणि गजाचा दोर सोडायला लागलो.